वुपरच्या खोऱ्यातला पाना

जर्मनीला जाऊन आलेला आपला मनुष्य बहुधा ऱ्हाइनकाठचे किल्ले, कोलोनचे कॅथीड्रल आणि बर्लिनच्या भिंतीचे उरलेसुरले तुकडे यांविषयी भरभरून सांगतो. त्याच कोलोनपासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर वुपर नावाची एक लहानशी, नागमोडी नदी वाहते. तिच्याकडे मात्र प्रवाशाचे पाऊल सहसा वळत नाही. वरवर पाहता वळण्याजोगे तेथे काही नाहीही. उंचसखल टेकड्या, त्यांच्या कुशीत दडलेले ओढे, पाटीच्या काळ्या दगडाने मढवलेली घरे, त्यांना पांढऱ्या चौकटी आणि हिरवी झडपे. आणि या सर्वांवर संथपणे, कोणतीही घाई नसल्यासारखा पडणारा पाऊस. परंतु आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत ज्याचे आयुष्य लोखंडाच्या चुऱ्यात आणि तेलाच्या वासात गेले, त्याला या खोऱ्यात पाय ठेवताच माहेरी आल्यासारखे वाटते. कारण हा मुलूख पानापकडींचा आहे.

या टेकड्यांतून उतरणारे ओढे आकाराने लहान, पण उताराने मोठे जोरकस. त्यांच्या पाण्यावर लाकडी चाके फिरत, चाकांवर घण उचलले जात आणि सहाणेचे दगड गरगरत. वुपर्टालच्या क्रोनेनबर्ग भागात काल्टेनबाख ओढ्यावर मानुएल्सकोटेन नावाची अशी एक धार लावण्याची जुनी शाळा आजही जपून ठेवलेली आहे. पुढे वाफ आली, वीज आली. ओढे मोकळे झाले, पण हातातली विद्या तेथेच राहिली. झोलिंगनने चाकू आणि तलवारी घेतल्या, रेमशाइडने कानशी, करवती आणि पाने घेतले, क्रोनेनबर्गने पकडी. १८६२ साली एदुआर्ड विले याने क्रोनेनबर्गला सुरू केलेला कारखाना म्हणजे ‘श्टालविले’. १८८२ साली तेथेच निघालेला ‘क्निपेक्स’. १८६८ साली रेमशाइडला हेर्मान त्सेर्वर याने काढलेला ‘हात्सेट’, ज्याचे नाव मालकाच्या दोन आद्याक्षरांचा जर्मन उच्चार एवढेच आहे. माझ्या स्वतःच्या पेटीत चाळीस वर्षे एक रिंग पाना होता, त्यावर ‘गेडोरे’ असा ठसा. हे कोणा साहेबाचे आडनाव नव्हे. १९१९ साली धंद्यात पडलेल्या डोविडाट बंधूंच्या नावातील आणि रेमशाइड या गावाच्या नावातील आरंभीची अक्षरे जुळवून केलेला तो शब्द आहे. गावाचे नाव पान्यावर कोरून जगभर पाठवणारी माणसे मला भारी आवडतात.

रेमशाइडला हत्यारांचे एक संग्रहालय आहे. राजेमहाराजांचे मुकुट पाहण्यात ज्यांना रस आहे त्यांनी तेथे जाऊ नये. ज्यांना एका कानशीचे दात हाताने, छिन्नीच्या एकेका घावाने कसे पाडीत हे पाहायचे आहे त्यांनी अर्धा दिवस मोकळा ठेवून जावे. याच गावातील एका कानस-कारखानदाराच्या मुलांनी, राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी, १८८५ च्या सुमारास सांधा नसलेली पोलादी नळी लाटून काढण्याची युक्ती शोधली. भरीव तापलेला दांडा दोन तिरक्या रुळांमध्ये फिरवला की तो आतून पोकळ होऊ लागतो, ही गोष्ट कागदावर वाचून पटत नाही. जगातील किती यंत्रांच्या पोटात आज अशी नळी आहे, याचा हिशेब कोण करणार?

माझी भाची गेली काही वर्षे वुपर्टालला नोकरी करते. तिने एक जुनी, पाचव्या पिढीची फोक्सवागन गोल्फ घेतली आहे. आधीच्या मालकाने, तरुण रक्तच ते, गाडीचे मूळ शॉकअॅब्सॉर्बर काढून उंची कमीजास्त करता येणारे बसवले होते आणि गाडी जमिनीला पोट लावून चालणाऱ्या घोरपडीसारखी खाली आणली होती. मी पोचलो त्याच दिवशी तिने मला ती दाखवली आणि म्हणाली, “मामा, पुढच्या रविवारी ही न्यूर्बुर्गरिंगला न्यायची आहे. त्याआधी नीट करायची आहे. गॅरेजात टाकली तर महिनाभर नंबर लागणार नाही. हत्यारं घ्यायला तुम्ही बरोबर चला.” ‘नीट करायची’ म्हणजे आणखी एक सेंटिमीटर खाली आणायची, असा तिचा बेत आहे, हे मला जेवताना कळले.

वाचकांपैकी अनेकांनी मोटार चालवली असेल, पण तिच्या खाली वाकून पाहिलेले थोडे. म्हणून दोन शब्द. मालमोटारीला पोलादाचे पाटे असतात, एकावर एक रचलेले. ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे. मोटारीला गुंडाळीची स्प्रिंग असते. स्प्रिंग भार पेलते आणि दबते, पण दबल्यावर ती उड्या मारीत राहील. त्या उड्या शमवण्याचे काम तेलाने भरलेली नळी करते, तिलाच आपण शॉकअॅब्सॉर्बर म्हणतो. नळीभोवती स्प्रिंग चढवून दोन्हींचा एकच खांब केला, आणि नळीच्या अंगावर बरणीच्या तोंडाला असतात तसे आटे पाडून त्यांवर स्प्रिंगला खालून आधार देणारी चकती बसवली, की ती चकती वर चढवली तर गाडी उंच होते, खाली उतरवली तर ठेंगणी होते. चकतीखाली दुसरी चकती असते. ती पहिलीला कुलूप घालते. युक्ती एवढीच. गोल्फला पुढच्या बाजूस असा खांब असतो. मागे स्प्रिंग आणि नळी वेगवेगळ्या ठिकाणी बसतात, आणि चकती स्प्रिंगपाशीच असते.

या चकतीला षटकोनी कडा नसतात, त्यामुळे नेहमीचा पाना तिला लागत नाही. तिच्या घेरावर खाचा पाडलेल्या असतात आणि त्यांत आकडी अडकवून ती फिरवावी लागते. ही आकडी असलेला, द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखा पाना म्हणजे हुक पाना. आपल्याकडे कारागीर त्याला ‘सी स्पॅनर’ म्हणतात. जर्मनांनी या साध्या वस्तूचेही मानक ठरवले आहे, डी.आय.एन. १८१० या क्रमांकाचे, आणि त्यात दोन जाती केल्या आहेत: एकीच्या टोकाला चौकोनी नाक असते, दुसरीच्या टोकाला गोल खुंटी. चकतीला कडेने खाच असेल तर नाकाचा पाना, आरपार भोक असेल तर खुंटीचा. नाकाच्या जागी खुंटी वापरली तर ती खाचेच्या एकाच बिंदूवर टेकते, आणि अॅल्युमिनियमची चकती असेल तर खाचेची कड बोटाने लोणी निघावे तशी निघून येते. एकदा कड गेली की ती चकती पुन्हा कोणत्याच पान्याला हात देत नाही.

भाचीजवळ गाडीबरोबर आलेला एक हुक पाना होता. पत्र्यातून कापून काढलेला, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. तो घट्ट चकतीवर लावून दाबला की आधी स्वतः वाकतो, मग आकडी खाचेतून वर चढते, आणि मग आपली बोटे चाकाच्या कमानीच्या धारदार कडेवर आपटतात. बोटांची साले निघण्याइतकी किंमत या कामाला देऊ नये.

रेमशाइडच्या एका दुकानात आम्ही तासभर उभे होतो. दुकानदार वयस्कर, बोलायला कंजूस. त्याने तीन पाने समोर ठेवले. पहिला, एकाच मापाचा, घडीव. दुसरा, आकडी बिजागरीवर हलणारा, त्यामुळे लहानमोठ्या दोन-चार मापांच्या चकत्यांना चालणारा. तिसरा, लांबच लांब दांड्याचा. भाचीचा हात साहजिकच लांब दांड्याकडे गेला. लांब दांडा म्हणजे कमी कष्ट. मी तिला गाडीच्या चाकाच्या कमानीत किती जागा असते ते आठवायला सांगितले. तेथे पाना आठव्या-दहाव्या भागाएवढाच फिरतो, मग आकडी काढायची, पुढच्या खाचेत घालायची, पुन्हा तेवढेच. लांब दांडा त्या पोकळीत मावतच नाही. शिवाय चकती फिरवायला लांब दांडा लागतो आहे, याचा अर्थ चकती अडकली आहे, आणि अडकलेल्या चकतीवर जोर करणे म्हणजे आट्यांचा गळा घोटणे. बिजागरीचा पाना सोयीचा खरा, पण जी वस्तू आयुष्यभर एकाच मापाच्या दोन चकत्यांवर चालणार, तिला सोय कशाला हवी? बिजागरीत जितका खेळ, तितकी आकडी खाचेत तिरकी बसते. आम्ही चकतीचा बाहेरचा व्यास मापून आणला होता. पहिला पाना घेतला, आणि तोही एक नव्हे, दोन. खालची चकती सोडवताना वरची धरून ठेवावी लागते. एका पान्याने हे काम करू पाहणारा मनुष्य दुसऱ्या हातात हातोडी आणि छिन्नी घेतो, हे मी उद्यमबागेतही पुष्कळदा पाहिले आहे. दुकानदाराने पाना कागदात गुंडाळण्यापूर्वी आकडीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवून पाहिला. मीही तेच केले. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

दुपारी या भागातील प्रसिद्ध कॉफीपान झाले. वाफल, वर गरम चेरी, आणि सोबत दुधात शिजवलेला भात, त्यावर साखर-दालचिनी. भाची म्हणाली, “ही आपली खीरच की!” जवळजवळ खरीच. कॉफी कथलाच्या तीन पायांच्या, तोटी असलेल्या भांड्यातून ओततात आणि ती तोटी सदैव ठिबकते. त्या भांड्याचे बोलीतले नावच मुळी ठिबकणारी मिना असे आहे. पाने घडवणाऱ्या मुलखाला एक तोटी घट्ट करता आली नाही, की करायची नव्हती, कोण जाणे.

फिरवणाऱ्या हत्यारांपेक्षा मोजणारी हत्यारे अधिक महत्त्वाची, हे मात्र मला तिला पटवून द्यावे लागले. कारण फिरवताना काम झाल्यासारखे वाटते, मोजताना वाटत नाही. माझ्या यादीत पहिली वस्तू होती साधी पोलादी मोजपट्टी. गाडीची उंची जमिनीपासून मोजू नये. टायरमधील हवा आणि टायरची झीज दोन्ही त्यात मिसळतात. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजावे. जर्मनीत असे बदल परीक्षकाकडून तपासून कागदावर नोंदवून घ्यावे लागतात, आणि या भागांच्या कागदपत्रांतही उंची याच रीतीने लिहिलेली असते. म्हणजे ही मोजपट्टी तेथे कायद्याचेही हत्यार आहे.

दुसरी वस्तू टॉर्क रेंच. बोल्ट किती आवळायचा हे दंडाच्या अंदाजावर न सोडता आकड्यावर सोडणारा हा पाना. गोल्फच्या चाकाच्या बोल्टना १२० न्यूटन-मीटर लागतात. रेंच असा निवडावा की आपले नेहमीचे आकडे त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर येतील, टोकाला नव्हे. त्याने बोल्ट सैल करू नये आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर उतरवून ठेवावी. अशी हत्यारे उसनी देऊ नयेत. ज्याला द्याल तो नेमका सैल करायलाच वापरतो. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या बोल्टभोवती रबराची बुशे असतात ते बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ते गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे. हे न कळल्यामुळे नव्या भागांवर फुकटचा ठपका येतो.

तिसरी वस्तू तिला ठाऊकच नव्हती. या गोल्फचा पुढचा खांब चाकाच्या सांगाड्यातील एका फटीच्या कड्यात आवळलेला असतो. बोल्ट काढला तरी कडे सुटत नाही. त्या फटीत घालून पाव फेरा वळवला की फट उघडते असा एक चपटा, लंबगोल तुकडा मिळतो. रॅचेटला लावायचा, बोटाएवढा. तो नसेल तर लोक फटीत छिन्नी ठोकतात. आणि खांबाच्या माथ्यावरील नट सोडवताना मधला दांडा फिरू नये म्हणून त्याला अॅलन कीने धरायचे, नट बाहेरून रिंग पान्याने फिरवायचा. दांडा पकडीने धरला तर त्याच्या चकचकीत अंगावर ओरखडा उठतो, तोच ओरखडा दर खेपेला तेलाच्या सीलमधून जातो आणि थोड्याच दिवसांत खांब तेल गाळू लागतो. हवेच्या बंदुकीने नट उडवणे हा त्यावरचा आणखी आळशी मार्ग. तिच्या धक्क्याने आतली झडप फिरते.

या खोऱ्यापासून थोडे ईशान्येला एनेपेटाल लागते. तेथील बिल्श्टाइन या कारखान्याची स्थापना १८७३ सालची. खिडक्यांच्या कड्याकोयंड्यांपासून सुरुवात करून विसाव्या शतकाच्या मध्यास तो एका फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेवर गॅस भरलेले शॉकअॅब्सॉर्बर करू लागला. तेलाच्या मागे दाबाखाली नायट्रोजन ठेवला की जोरात हलवलेल्या तेलाला फेस येत नाही, आणि फेस आलेले तेल धक्का शमवीत नाही, हे त्यातले मर्म. हे सांगण्याचे कारण निराळे आहे. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने चकती आणि आटे एकमेकांना धरून बसतात, मग कोणीतरी सुचवतो की ज्योत दाखवा, लोखंड फुगेल, चकती सुटेल. दाबाखालील गॅसने भरलेल्या नळीला ज्योत दाखवणे म्हणजे काय, हे वाचकांना विस्ताराने सांगायला नको. भाचीच्या एका सहकाऱ्याने तिला ज्योतीचा डबा देऊ केला होता. तो मी परत करायला लावला, आणि त्याऐवजी गंज सोडवणाऱ्या तेलाची बाटली, पितळी ब्रश आणि एक रात्र असा इलाज केला. रात्र हे फार उपयोगी हत्यार आहे. दुकानात मिळत नाही म्हणून त्याची किंमत नसते.

रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. कोलोन मागे पडले, बॉन डावीकडे राहिले, आणि आयफेलच्या टेकड्या सुरू झाल्या. आज सुबक दिसणारा हा प्रदेश शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील अत्यंत दरिद्री भागांपैकी होता. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून १९२५ साली तेथे, न्यूर्बुर्गच्या पडक्या किल्ल्याभोवती, शर्यतीचा रस्ता बांधण्यास आरंभ झाला आणि १८ जून १९२७ रोजी तो उघडला. पहिली मोठी शर्यत रुडोल्फ काराचोला याने जिंकली. आपल्याकडे दुष्काळात तलाव आणि रस्ते खोदले गेले, तसेच हे. फक्त खोदणाऱ्यांच्या कष्टांतून जे निघाले ते जगातील सर्वांत अवघड मोटाररस्त्यांपैकी एक ठरले. त्याचा उत्तरेकडील फेरा सुमारे २०.८ किलोमीटरांचा, ७० हून अधिक वळणांचा, आणि चढउतारात सुमारे ३०० मीटरांचा फरक असलेला. १९६८ साली धुक्यात आणि पावसात जॅकी स्ट्यूअर्टने तेथे चार मिनिटांहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. या रस्त्याला ‘हिरवा नरक’ म्हणणारा तोच. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडाची गाडी तेथे पेटली. भाजलेल्या अंगाने तो सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरला, पण फॉर्म्युला वनच्या गाड्या त्या जुन्या फेऱ्यावर पुन्हा शर्यतीला आल्या नाहीत. ठरावीक दिवशी मात्र हा रस्ता पैसे भरणाऱ्या कोणालाही खुला असतो. एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता म्हणून तो चालतो. हळू जाणाऱ्याने उजवीकडे राहायचे, पुढे जाणाऱ्याने डावीकडून जायचे.

ही वर्णने पर्यटकाला रोमांचक वाटतात. पाना हातात असलेल्याला ती सूचनांसारखी वाचावी लागतात. ‘फुक्सरोरं’, म्हणजे कोल्ह्याचे बीळ, या ठिकाणी रस्ता उतारावरून सुसाट खाली जातो आणि तळाशी एकदम वर वळतो. तेथे गाडी जमिनीत दाबली जाते. स्प्रिंगला दबायला जागा उरलेली नसेल तर ती रबराच्या ठोकळ्यावर आदळते, आणि त्या क्षणी चाकाची रस्त्यावरची पकड सुटू शकते. ‘फ्लुगप्लात्स’पाशी उलट, चढाच्या माथ्यावर गाडी हलकी होते, चाके खाली लोंबतात. ‘कारुसेल’मध्ये काँक्रीटच्या फरशांचा कलता पन्हाळ आहे, दात वाजतील असा. हे सर्व ऐकल्यावर आणखी एक सेंटिमीटर खाली जाण्याच्या बेताचे काय करायचे, हे मी तिलाच विचारले. ती काही बोलली नाही. आमच्या चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणारा कोणताही ड्रायव्हर या प्रश्नाला लगेच उत्तर देईल. पण त्याच्यासमोर खड्डे दिसतात, येथे रस्ता आरशासारखा गुळगुळीत, म्हणून मन फसते.

रस्त्यालगत मॉयस्पाट हे छोटे खेडे आहे. तेथील उद्योगवसाहतीत गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्यांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या शाळा ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी एकीतील वृद्ध मेकॅनिकने भाचीला शनिवारी दुपारचे दोन तास दिले होते. ‘हत्यारे तुमची, वजनकाटे माझे’ असा करार. त्याने आमचे हुक पाने पाहिले, पत्र्याचा जुना पाना पाहिला, आणि तो जुना उचलून खिडकीच्या फटीत पाचर म्हणून लावला.

गाडीच्या चारही चाकांखाली चार काटे ठेवले. चालकाच्या जागी भाचीला बसवले, कारण रस्त्यावर ती असणारच. डुगडुगणारे स्टूल आठवा. त्याचा एक पाय किंचित लांब असला, तर तो आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला असे दोनच पाय भार घेतात आणि उरलेले दोन नुसते उभे असतात. गाडीचेही तेच. आधीच्या मालकाने उंची डोळ्यांनी बरोबर केली होती. बाहेरून चारही कमानी समान दिसत होत्या. पण काट्यांवर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक मिळून जवळजवळ ५३ टक्के भार वाहत होते. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. जोरात ब्रेक लावला की गाडी एका अंगाला का ओढते, हे कोडे तिला वर्षभर सतावत होते, ते तेथे सुटले.

मग काम सुरू झाले. जॅकने उचलायचे, स्टँडवर ठेवायचे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. पुढच्या एकेका चाकावर चारशे किलोच्या आसपास भार असतो. तो चकतीवर असताना ती फिरवली तर आटे सोलून निघतात, म्हणून चाक हवेत. ब्रश, तेल, पुसणे. खडूने चकतीवर एक खूण, नळीवर एक खूण. तिच्या चकतीचा एक फेरा म्हणजे २ मिलिमीटर. पुढे चार फेरे दोन्ही बाजूंना, वर. मागे तीन फेरे, म्हणजे चकती ६ मिलिमीटर चढली. पण मागची स्प्रिंग चाकापेक्षा गाडीच्या मध्याकडे सरकून बसलेली असते, त्यामुळे चाकाशी मोजल्यावर फरक सुमारे ९ मिलिमीटर निघाला. मग कोपऱ्यांचे बारीक काम: अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दर खेपेला गाडी खाली उतरवून थोडी पुढेमागे ढकलायची, कारण जॅकवरून उतरताना टायर आडवे अडकून गाडी खोटी उंच राहते. मगच काट्यांवर आणायची. सहा वेळा हे झाले. भाचीचे केस तेलाने माखले, माझी कंबर धरली. शेवटी काटे ५०.४ वर आले. वृद्धाने मान डोलावली, चाकांची दिशा आणि कल पुन्हा तपासून दिला (उंची बदलली की तोही बदलतो), हेडलाइटचा झोत खाली घेतला, आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्यावरील बारीक गुंडी मात्र बोटांनी फिरवली, हत्याराने नव्हे. पूर्ण बंद केल्यापासून किती टिकटिक उघडली, तो आकडा त्याने भाचीच्या वहीत लिहायला लावला. कुलपाची चकती आवळताना पान्याला एकच ठाम ओढ. त्यानंतर तिने आणखी जोर करू पाहिला तेव्हा त्याने तिचा हात नुसता वर उचलून बाजूला ठेवला.

गाडी आता आली होती त्यापेक्षा जवळपास एक सेंटिमीटर उंच होती. आधीच्या मालकाला ती मुळीच आवडली नसती.

रविवारी सकाळी धुके होते, दहाच्या सुमारास ते उठले. मी बाजूला बसलो. भाचीने फेरा शांतपणे केला, उजवी बाजू धरून, मागून गाड्या आल्या की त्यांना वाट देत. कोल्ह्याच्या बिळाच्या तळाशी पोटात खड्डा पडला, गाडी दबली, आणि उठली. मधे कोठेही ठोका नाही. कारुसेलमध्ये माझा चष्मा नाकावरून घसरला. आडेनाऊ गावाच्या बाजूने जाताना उतारावरच्या बागा आणि कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या क्षणभर दिसल्या, शर्यतीच्या रस्त्याच्या इतक्या निकट, की आपण कोणाच्या परसातून तर चाललो नाही ना, असे वाटावे. फेरा संपल्यावर ती एक शब्द न बोलता पार्किंगमध्ये आली, गाडीखाली वाकली, आणि खडूच्या चारही खुणा एकमेकींसमोर आहेत की नाहीत ते पाहिले. होत्या.

पुढच्या आठवड्यात वुपर्टालला परीक्षकाने मोजपट्टी काढली, चाकाच्या मध्यावर टेकवली आणि कमानीच्या कडेशी वाचली. त्याचा आकडा आणि वहीतला आकडा यांत एका मिलिमीटरचा फरक निघाला. त्याने स्वतःचा लिहिला. मी परतल्यावर डिसेंबरात तिचा फोन आला. रस्त्यावर मीठ पडू लागले होते. तिने चाके काढून चकत्या धुतल्या होत्या, आटे घासले होते, आणि दोन्ही पाने लावून चकत्या अर्धा फेरा फिरवून पुन्हा जागेवर आणल्या होत्या. “फिरतात, मामा,” ती म्हणाली, “हातानंसुद्धा.”